गर्भनिश्चितीनंतरची पहिली पावले : औषध देण्याआधी थांबावे

गर्भिणी परिचर्या हा विषय आपणां सर्वांना पदवी अभ्यासक्रमापासून परिचित आहे. मासानुमासिक पथ्य, गर्भोपघातकर भाव, गर्भिणी व्यापद् यांवर परीक्षेत एकदाही प्रश्न सोडवला नाही असा वैद्य विरळाच. तथापि, 'पाळी चुकली' असे सांगत स्त्री आपल्यापुढे बसते तेव्हापासून तिची गर्भिणी म्हणून नोंद होईपर्यंत जे दोन-चार आठवडे जातात, त्यांविषयी आपल्याकडे क्वचितच लिहिले जाते. प्रस्तुत लेख तेवढ्याच काळापुरता मर्यादित आहे. तो वैद्यबंधू-भगिनींसाठी आहे, तसाच औषधी दुकान चालविणाऱ्या सभासदांसाठीही आहे. कारण ही स्त्री पुष्कळदा आपल्याआधी त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर उभी असते.

माझा व्यवसाय मोरगाव परिसरातील आहे. श्रीमयूरेश्वराचे हे कऱ्हाकाठचे गाव बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात मोडते. बारामती शहर येथून सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटर दूर. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची, गाडीभाडे द्यायचे आणि घरी जनावरांपाशी कोणाला तरी ठेवायचे. म्हणून पहिला प्रश्न गावातल्या वैद्यालाच विचारला जातो. त्याचे उत्तर बरोबर दिले गेले, तर पुढचे नऊ महिने सुकर होतात. ते चुकले, तर काय होऊ शकते हे मी स्वतःच्या अनुभवावरून पुढे सांगणार आहे.

आचार्यांची सूचना

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात पहिल्या महिन्यासाठी दिलेले पथ्य आपण सर्वांनी पाठ केलेले असते. गर्भधारणेची नुसती शंका आली तरी स्त्रीने अनुपस्कृत दूध योग्य मात्रेत, थंड करून, वेळोवेळी घ्यावे आणि सकाळ-संध्याकाळ सात्म्य असेल तेच जेवावे, एवढाच तो विधी आहे. अनुपस्कृत म्हणजे ज्यावर कोणत्याही औषधाचा संस्कार केलेला नाही असे. मधुर औषधांनी सिद्ध केलेले दूध दुसऱ्या महिन्यात येते, मध-तुपासह दूध तिसऱ्या महिन्यात.

या क्रमाकडे मी बरीच वर्षे केवळ पाठांतराच्या दृष्टीने पाहिले. शेकडो द्रव्ये आणि कल्प ज्यांच्या हाताशी होते, त्या आचार्यांनी पहिल्या महिन्यात एकही औषध सुचवू नये, याचा अर्थ फार उशिरा ध्यानी आला. गर्भ अजून अव्यक्त आहे, त्याचे अवयव आकार घेत आहेत, अशा वेळी वैद्याने हात आवरता घ्यावा, अशी ती स्पष्ट सूचना आहे. त्याच अध्यायात गर्भिणीला काठोकाठ तेलाने भरलेल्या पात्राप्रमाणे, हिंदकळू न देता जपावे असे म्हटले आहे. तिला वमन, विरेचन, शिरोविरेचन व रक्तमोक्षण निषिद्ध सांगितले आहे. आत्ययिक व्याधी नसेल तर बस्तीसुद्धा वर्ज्य आहे. तिच्या रोगांवर मृदू, मधुर, शीत व सुकुमार उपचारच करावेत असा आदेश आहे.

'शंका आली तरी' हे शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. निश्चितीची वाट न पाहता संयम शंकेपासूनच सुरू व्हावयाचा आहे.

एक रुग्णा

सुमारे बारा वर्षांपूर्वीची हकिकत आहे. रुग्णेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

शेजारच्या वाडीवरची एक तरुण सून सासूबरोबर आली. मांडीवर नऊ महिन्यांचे मूल. बोलणे सारे सासूच करीत होती : "डॉक्टर, हिची पाळी दीड महिना झाला आली नाही. पोर अंगावर पितंय, उष्णता झाली असंल. पाळी येईल असं काहीतरी द्या."

बाळंतपणानंतर तिला पाळी दोनदा आलेली होती. म्हणजे स्तन्यपानामुळे पाळी थांबली आहे असे मानण्यास आधार नव्हता. हे मी विचारले नाही. सुनेशी एकटीने बोललो नाही. मूत्रपरीक्षा केली नाही. सात दिवसांची रजःप्रवर्तिनी वटी व कुमार्यासव देऊन त्यांना रवाना केले.

सातव्या दिवशी निरोप आला की थोडे अंगावर जाऊ लागले आहे, गुण आला. मलाही समाधान वाटले. नवव्या दिवशी रात्री त्या मुलीला जीपमध्ये घालून आणले. चेहरा पांढराफटक, अंगाला गार घाम, नाडी क्षीण व द्रुत. उजव्या बाजूला ओटीपोटात असह्य शूल आणि खांद्यात दुखणे. तसेच बारामतीला पाठविले. गर्भ गर्भाशयात नव्हताच, तो बीजवाहिनीत होता आणि ती फुटली होती. रातोरात शस्त्रक्रिया झाली, रक्त चढवावे लागले. मुलगी वाचली.

गर्भ बीजवाहिनीत रुजला तो माझ्या औषधाने नव्हे, हे खरे. परंतु मी तिचे नऊ दिवस घालविले, आणि पोटात होणाऱ्या रक्तस्रावाची जी पहिली खूण होती तिलाच मी औषधाचा गुण समजलो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दूरध्वनीवर एकच विचारले, "टेस्ट केली होती का?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी जी पद्धत बसविली, ती पुढे क्रमाने देत आहे.

पहिले पाऊल : निश्चिती

चरकाचार्यांनी आर्तवादर्शन, तोंडाला पाणी सुटणे, अन्नावर वासना नसणे, छर्दी, अरोचक, आंबट खावेसे वाटणे ही लक्षणे सांगितली आहेत. सुश्रुताचार्यांनी सद्योगृहीत गर्भेच्या लक्षणांत श्रम, ग्लानी, तहान व मांड्या गळून जाणे यांचा उल्लेख केला आहे. ही लक्षणे शंका उत्पन्न करण्यास पुरेशी आहेत, निश्चितीस नाहीत. पांडू, अम्लपित्त किंवा अवटु ग्रंथीच्या विकारातही यांतील अनेक लक्षणे दिसतात.

म्हणून नियम असा करावा : पाळीचे वय असलेल्या कोणत्याही स्त्रीने पाळी लांबल्याची तक्रार केली, की प्रथम मूत्रपरीक्षा, नंतर औषध. 'मूल अंगावर पिते आहे', 'शस्त्रक्रिया झालेली आहे', 'वय झाले आता' यांपैकी कोणतेही कारण अपवाद मानू नये. परीक्षेची पट्टी दुकानात अल्प किमतीत मिळते. आशाताईंकडे 'निश्चय' संच मोफत मिळतो. सकाळची पहिली लघवी घ्यावी, पट्टीवर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचावा. निकाल नकारार्थी आला व पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा परीक्षा करावी. या मधल्या आठवड्यात आर्तवजनन औषध देऊ नये.

सुनेशी दोन मिनिटे तरी एकटीने बोलावे. माझ्यासारख्या पुरुष वैद्याने त्या वेळी घरातील परिचारिका किंवा आशाताई जवळ ठेवावी. सासूसमोर जी गोष्ट सांगता येत नाही, ती याच दोन मिनिटांत कळते.

दुसरे पाऊल : तिथी काढणे

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवणे हे काम क्षुल्लक वाटते. परंतु पुढची प्रत्येक तपासणी, प्रत्येक लस आणि प्रसूतीचा अंदाज त्यावरच बांधला जातो. या दिवसात नऊ महिने व सात दिवस मिळवावेत. पाळी १० जानेवारीस आली असेल, तर प्रसूतीचा अंदाज १७ ऑक्टोबर येतो. हा हिशेब नियमित, साधारण अठ्ठावीस दिवसांच्या चक्रासाठी आहे. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने काढलेले वय अधिक विश्वसनीय असते.

आमच्या भागातील स्त्रिया इंग्रजी तारीख सहसा सांगत नाहीत, पण सण व यात्रा त्यांना पक्क्या आठवतात. भाद्रपदात व माघात चिंचवडहून मोरगावी पालखी येते. 'पालखी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजूला होते' हे उत्तर अचूक असते. दिनदर्शिका पुढ्यात ठेवून त्यावरून तारीख काढावी व चिठ्ठीवर ठळक लिहून द्यावी.

तिसरे पाऊल : काय थांबवावे

गर्भनिश्चितीच्या दिवशी वैद्याचे सर्वांत मोठे काम हेच आहे. ती सध्या काय काय घेते हे नाव, मात्रा व कोणाकडून या तीन प्रश्नांनी विचारावे. घरगुती काढे आणि जत्रेत घेतलेल्या पुड्याही विचाराव्यात.

१) आर्तवजनन व भेदन द्रव्ये : रजःप्रवर्तिनी वटीत कोरफड, हिंग, कासीस व टंकण आहेत. ती, तसेच कुमार्यासव व काळा बोळ असलेले योग तत्काळ बंद करावेत. जयपाळयुक्त इच्छाभेदी रस, दंती, स्नुही आणि सर्व तीक्ष्ण विरेचने यांबाबत अधिक सांगणे नलगे. मलावष्टंभ असल्यास मनुका, दूध-तूप व पुरेसे पाणी यांवर भागवावे.

२) विषवर्गातील द्रव्ये : औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई-१ मध्ये दंती, जयपाळ, लांगली, वत्सनाभ, पारद, हिंगूळ, हरताळ, मनःशिळा इत्यादी द्रव्यांची यादी आहे. ज्या कल्पात यांतील द्रव्य असेल, त्याच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. गर्भिणीच्या बाबतीत ती सूचना 'देऊ नये' अशी वाचावी.

३) गर्भपाल रस : येथे अनेक सन्माननीय वैद्यांचे माझ्याशी मतभेद होतील, याची जाणीव आहे. मीही हा कल्प बरीच वर्षे, विशेषतः पूर्वी गर्भस्राव झालेल्या स्त्रियांना, विश्वासाने दिला. परंतु त्याच्या पाठात नागभस्म व हिंगूळ आहेत. नाग म्हणजे शिसे. शिसे अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते, आणि गर्भाच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी आजवर सिद्ध झालेली नाही. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतीय बनावटीची आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्या सहा गर्भिणींच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले व तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. भस्म शास्त्रोक्त होते की नाही हा वाद आपण घालू शकतो. परंतु आपल्यापैकी किती जणांनी औषध दिल्यानंतर रुग्णेच्या रक्तातील शिसे मोजले आहे? मी एकदाही मोजले नव्हते. जे मोजता येत नाही ते अजून न जन्मलेल्या जिवावर वापरू नये, या विचाराने मी ते थांबविले.

४) आसव-अरिष्टे : यांत स्वजनित मद्यार्क असतो. पहिल्या त्रैमासिकात यांच्यावाचून काहीही अडत नाही.

५) आधुनिक औषधे : येथे उलट सावधगिरी हवी. गर्भ राहिला म्हणून घरचे लोक सगळ्याच गोळ्या बंद करतात. अवटु ग्रंथीच्या अल्पकार्याची गोळी, इन्सुलिन, अपस्माराची औषधे व रक्तदाबाची औषधे आपण किंवा घरच्यांनी परस्पर बंद करू नयेत. यांतील काही औषधे, उदाहरणार्थ अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट आणि रक्तदाबावरील 'प्रिल'ने संपणारी औषधे, गर्भास अपायकारक आहेत व ती बदलावी लागतात. परंतु हा बदल ज्याने औषध सुरू केले त्या तज्ज्ञाने करावयाचा असतो. आपले काम म्हणजे रुग्णेला चिठ्ठी देऊन त्याच दिवशी तेथे पाठविणे. अंगदुखीच्या वेदनाशामक गोळ्या मात्र दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, हे बजावून सांगावे.

६) मिश्री : तंबाखूचे व्यसन आहे का, असे विचारल्यास उत्तर हमखास 'नाही' येते. 'मिश्री लावता का?' असे विचारावे. आमच्या भागात मिश्रीला कोणी व्यसन समजत नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे, तिने बाळाचे वजन घटते, हे शांतपणे समजावावे. सासूही लावत असेल तर दोघींनी मिळून सोडावी, असे सुचवावे. एकटीने सोडणे घरात जमत नाही.

चौथे पाऊल : काय सुरू करावे

फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी पहिले बारा आठवडे रोज एक. ही गोळी उपकेंद्रात मोफत मिळते. गर्भाच्या मेंदू व मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेपासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या सुमारास बंद होते. पाळी दोन आठवडे लांबल्यावर जी स्त्री येते, ती या मुदतीच्या काठावर उभी असते. म्हणून गोळी 'पुढच्या खेपेस पाहू' म्हणून लांबवू नये. ज्या दांपत्याला अपत्यप्राप्तीची इच्छा आहे, त्यांना ती गर्भधारणेपूर्वीच सुरू करावयास सांगावी. पूर्वीच्या बाळात मज्जारज्जूचा जन्मदोष असल्यास मात्रा कितीतरी अधिक लागते. तेथे तज्ज्ञांकडेच पाठवावे. लोह व कॅल्शियम सामान्यतः पहिल्या त्रैमासिकानंतर सुरू होतात.

फॉलिक आम्लाचे नाव संहितेत नाही म्हणून ते देण्यात कमीपणा मानणारे काही व्यवसायबंधू मला भेटले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की हे द्रव्य पालेभाज्या व कडधान्यांत असणाऱ्या अन्नघटकाचेच तयार रूप आहे. ते आहाराची उणीव भरून काढते, एवढाच विचार करावा.

आहारात उकळून निववलेले साधे दूध, मात्रेत. दूध सोसत नसेल किंवा वासाने उलटी होत असेल तर आग्रह धरू नये, ताक, दही वा पातळ खीर चालेल. आचार्यांनीच सात्म्य भोजन सांगितले आहे. भाकरी खाणारीला भाकरी सोडायला लावून फळांची महागडी यादी हातात देणे व्यवहार्य नाही. मटकी, मुगाची आमटी, शेवग्याची पाने, मेथी, शेंगदाणे, परवडत असल्यास व खात असल्यास अंडे, आणि आयोडीनयुक्त मीठ, हे आमच्या घरांतून होऊ शकते. पोट फार रिकामे राहू देऊ नये.

सकाळच्या मळमळीसाठी अंथरुणातून उठण्यापूर्वी साळीच्या लाह्या किंवा कोरडी भाकरी खावी. धने भिजवलेले पाणी, लिंबू व स्वयंपाकातल्या प्रमाणात आले पुरेसे होते. शतावरीसारखी मधुर औषधे द्यावयाची असल्यास दुसऱ्या महिन्यापासून, खात्रीच्या द्रव्याचीच, दुधात सिद्ध करून द्यावीत. पाण्याच्या जड कळशा, मोळ्या, उपवास व रात्रीचे जागरण टाळावे. नेहमीचे हलके काम चालू ठेवण्यास हरकत नाही.

पाचवे पाऊल : नोंदणी व तपासण्या

बारा आठवड्यांच्या आत आशाताई किंवा उपकेंद्रातील परिचारिकेकडे नोंदणी करवून माता व बाल संरक्षण कार्ड घ्यावे. हिमोग्लोबिन, रक्तगट व आर.एच., लघवीतील प्रथिने व साखर, ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी रक्तशर्करा, तसेच एच.आय.व्ही., सिफिलिस व कावीळ-ब या तपासण्या पहिल्या भेटीतच व्हाव्यात. धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस नोंदणीनंतर लवकर सुरू होते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा पहिला हप्ता वेळेवर नोंदणी व तपासणी झाल्यावरच मिळतो, हेही सांगावे. सासूचे मन वळविण्यास ही माहिती फार उपयोगी पडते. दुसऱ्या त्रैमासिकापासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हे अभियान २०१६ पासून चालू आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे, त्यामुळे 'पुण्यालाच जावे लागेल' ही सबब आता उरलेली नाही.

ऊसतोडीस आलेल्या स्त्रियांकडे विशेष लक्ष द्यावे. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून टोळ्या येतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या स्त्रीची नोंद गावी नसते आणि इथे कोणी करीत नाही. डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढत असते. ती आपल्याकडे कंबरदुखीची गोळी मागायला येते, तेव्हा पाळीची तारीख विचारणारे बहुधा आपणच पहिले असतो. कार्ड कोठेही काढता येते व कोठेही चालते, हे तिला सांगून त्या भागातील आशाताईंना त्याच दिवशी कळवावे.

तत्काळ पाठविण्याची लक्षणे

ओटीपोटात एका बाजूस शूल, चक्कर किंवा मूर्च्छा, खांद्यात वेदना, कोणताही रक्तस्राव, ताप, पाणीही न टिकणारी छर्दी व लघवी अतिशय कमी होणे. यांपैकी एकही लक्षण असल्यास औषधोपचारात वेळ न घालविता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

रक्तस्रावाविषयी थोडे अधिक. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रजोदर्शन झाल्यास गर्भ टिकत नाही, असे आचार्यांनी म्हटले आहे. आज सोनोग्राफीमुळे दिसते की अल्प स्राव झालेल्या पुष्कळ स्त्रियांचा गर्भ टिकतो. म्हणून आशा सोडून देणे जसे चूक, तसेच सोनोग्राफीविना स्तंभन औषधे देत बसणेही चूक. गर्भ कोठे आहे हे प्रथम कळले पाहिजे. स्त्रीचा रक्तगट आर.एच. निगेटिव्ह असल्यास स्रावानंतर अँटी-डी इंजेक्शनची गरज असते का, तेही तज्ज्ञांना विचारावे.

दोन अवघड प्रश्न

पहिला : 'मुलगा होईल असे औषध द्या.' पुंसवन विधीचा हवाला देऊन अशा पुड्या देण्याचे प्रकार आपल्या व्यवसायात घडतात, हे आपण नाकारू नये. गर्भाचे लिंग शुक्रबीजावरून गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. त्यानंतरचे कोणतेही द्रव्य ते बदलत नाही. गर्भधारणेपूर्वी व प्रसूतीपूर्व लिंगनिवडीस प्रतिबंध करणारा कायदा १९९४ चा असून २००३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच यासंबंधी कायदा केला होता. अशी पुडी देणारा रुग्णेची फसवणूक करतो आणि शास्त्राची अप्रतिष्ठाही करतो.

दुसरा प्रश्न सहसा शब्दांत विचारला जात नाही : 'पाळी येऊ द्या.' या वाक्यामागे पुष्कळदा नको असलेला गर्भ असतो. त्या स्त्रीला दूषण देऊ नये, आणि औषधही देऊ नये. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा व त्यातील २०२१ ची दुरुस्ती यांनुसार, कायद्याने ठरविलेल्या मुदतीत व अटींवर, पात्र आधुनिक वैद्यक डॉक्टरांकडून मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात करून घेता येतो व तिचे नाव गुप्त राहते. आपल्या पदवीस तो अधिकार नाही. तिला योग्य केंद्राचा पत्ता देणे हेच आपले साहाय्य. कच्ची पपई, तीळ-गुळाचे काढे किंवा तीव्र भेदन औषधे यांवर ती आठवडे दवडते, आणि तेवढाच धोका वाढत जातो.

औषधी दुकानदारांसाठी

१) 'पाळी येण्याचे औषध' मागणाऱ्या ग्राहकास प्रथम परीक्षेची पट्टी घेण्यास सुचवावे.
२) रजःप्रवर्तिनी, कुमार्यासव व अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेले कल्प चिठ्ठीविना देऊ नयेत.
३) गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीविना विकणे हा गुन्हा आहे. गर्भ बीजवाहिनीत असल्यास या गोळ्यांनी तो सुटत नाही, आणि स्त्रीचे प्राण जाऊ शकतात.
४) औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये गर्भपात घडविण्याची तसेच मासिक पाळीचे दोष दूर करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. दुकानात लावलेले कंपनीचे फलक एकदा या दृष्टीने तपासावेत.
५) परीक्षेचा निकाल होकारार्थी आल्याचे कळल्यास फॉलिक आम्ल व आशाताईंचे नाव, एवढे सांगून वैद्यांकडे पाठवावे.

उपसंहार

यंदाच्या माघातील यात्रेच्या सुमारास एक सासू-सून आल्या. वाक्य तेच होते, पाळी लांबली, काहीतरी द्या. मूत्रपरीक्षा केली, दोन रेघा उमटल्या. पोटात दुखणे नव्हते, स्राव नव्हता. तारीख काढून दिली, फॉलिक आम्ल लिहिले, आशाताईंना दूरध्वनी केला, दूध कसे घ्यावे ते सांगितले. सासूबाई जरा वेळ बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलो डॉक्टर, आन् नुसतं दूध?"

"मावशी, पहिल्या महिन्याचं औषध हेच लिहून ठेवलंय मोठ्या वैद्यांनी," असे मी त्यांना सांगितले. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे वाटले नाही. पण पुढच्या आठवड्यात सून कार्ड घेऊन दाखवायला आली, तेव्हा सासूबाई सोबत होत्या आणि मिश्री सोडल्याचे त्यांनीच आपणहून सांगितले.

त्या दिवशी दवाखान्यात एक बाटलीही खपली नाही. ज्या वैद्याचा प्रपंच औषधांच्या विक्रीवर चालतो, त्याला हे परवडणारे नाही, असा आक्षेप येईल. त्यावर एवढेच म्हणता येईल की तपासणीचे व सल्ल्याचे शुल्क घेण्यास आपण शिकले पाहिजे, कारण येथे आपली विद्या तपासणीत व सल्ल्यात खर्च होते. आणि ज्या घरातील सून व बाळ सुखरूप राहतात, ते घर दुसऱ्या वैद्याकडे जात नाही.

निश्चिती करावी, तिथी लिहावी, अपायकारक ते थांबवावे, आवश्यक तेवढेच सुरू करावे, आणि योग्य ठिकाणी पाठवावे. ही पाच पावले दवाखान्यात व दुकानात दर्शनी भागी लिहून ठेवावीत, अशी सर्व सभासदांना नम्र विनंती आहे. इत्यलम्.